पास झाल्या म्हणे

ताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

मी ज्यांची देखभाल करते, त्या आजींच्या परवा हॉस्पिटलमध्ये तपासण्या होत्या. दुपारी नर्स बाहेर येऊन म्हणाली, "शी पास्ड." मला वाटलं, आजी तपासण्यांत पास झाल्या! मी धावत जाऊन त्यांच्या मुलीचे हात धरले आणि हसत म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स!" तिने हात सोडवून घेतले.

ताई, आजी गेल्या होत्या गं.

इथल्या इंग्रजीत मीठ पुढे केलं तरी पास, बस समोरून निघून गेली तरी पास, आणि माणूस गेलं तरी तेच. मला हे कोण सांगणार होतं?

मुलीने मला काम देणाऱ्या एजन्सीकडे तक्रार केली. त्यांनी मला तूर्त कामावर येऊ नको म्हटलंय, परत घेतील असं वाटत नाही.

आज तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं मला. पण तुझं ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही." आणि तिने दार लावून घेतलं.

ताई, रागव हवं तर, पण लगेच लिही.

तुझीच,
धाकटी