अवघड जागेचं दुखणं

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. फोन करायचं सोडून हिला हे काय सुचलं, असं तू म्हणशील. तुला ऐकू कमी येतं म्हणून तुझा फोन स्पीकरवर असतो, आणि मी इथे नुसती खोकले तरी तिकडून सूनबाई विचारते, "मावशी, औषध घेतलं का?" पोरगी गुणाची आहे. पण काही बोलणी चारचौघांत होत नाहीत.

इकडे सगळं ठीक. ह्यांचं गुडघ्याचं तुणतुणं चालू आहे. निवृत्त झाल्यापासून घरात बसून मला स्वयंपाक शिकवतात. मी ठणठणीत.

लिहायला बसले ते सुतळीसाठी. सुतळी म्हणजे माझी लाँड्रीतली जोडीदारीण. उंच, वाळकी, म्हणून सुतळी. आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन झाल्या की एकीने एक कोपरा धरायचा, दुसरीने दुसरा, आणि चादर ताणून इस्त्रीच्या गरम रुळांत सोडायची. इतकी वर्षं आम्ही एकाच चादरीची दोन टोकं धरतोय. नवऱ्याचा चेहरा पाहिला नसेल एवढा मी तिचा पाहिलाय.

गेल्या मंगळवारी चादर सोडता सोडता तिच्या बाजूचा कोपरा खाली गेला. पाहते तर ही जमिनीवर. अंग तव्यासारखं तापलेलं आणि काहीतरीच बडबडत होती. मला म्हणाली, "आई, दार लाव." मी मशीन बंद केलं आणि तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आमच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला आम्ही मोठीबाई म्हणतो, तीही सोबत आली.

डॉक्टरीण मध्यमवयाची, कमी बोलणारी. सुतळी जरा शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"तोंड ओलं करण्यापुरतं."

"का?"

सुतळी भिंतीकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं. बायकांच्या संडासात मॅनेजरने साबणाची पोती रचून ठेवलीत. जायचं तर अंगण ओलांडून शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारावं लागतं आणि तिथल्या पोरांसमोरून जावं लागतं. त्यापेक्षा न पिणं बरं. आम्ही सगळ्या तेच करतो.

लघवी रोखून रोखून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीण म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आणि तुम्हाला काही त्रास?"

"मला काय होतंय? मी ठणठणीत."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी पिशवीतलं काहीतरी शोधायला लागले.

सुतळी अजून दवाखान्यात आहे. तिचा मुलगा परगावी, म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. मी दुपारची. तिला पाणी पाजणं हे माझं काम, आणि मी ते पोलिसासारखं करते.

तुझी कंबर कशी आहे? मागे आले होते तेव्हा तू सारखी ओट्याला रेलून उभी होतीस. बाजारात चल म्हटलं तर नाही म्हणालीस. तू, जी पूर्वी मला फरपटत बाजारात न्यायचीस. असो. उत्तर पाठव, दोन ओळी पुरेत.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर आलं. "मी बरी आहे, काळजी नसावी." दोन ओळी पुरेत म्हणाले होते खरी, पण तू एकीतच उरकलंस.

सुतळी घरी आली. अजून अशक्त आहे, पण जीभ पूर्वपदावर आलीय. मॅनेजरचं नाव काढलं की ताप आल्यासारखी लाल होते.

त्या मॅनेजरचं सांगते. वयाने आपल्या पोरांएवढा, आम्हाला मावशी म्हणतो, वागायला वाईट नाही. पण संडासाचं काढलं की म्हणायचा, "मावशी, जागाच नाही. पुढच्या महिन्यात बघू." सुतळी पडल्यावर आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा तेच. बाहेर आल्यावर मोठीबाई म्हणाली, "बोलून झालं. आता उचलू या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या ढकलगाड्या घेऊन आम्ही निघालो. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. तरुण पोरींना मोठीबाईने मुद्दाम बाजूला ठेवलं. म्हणाली, "तुम्हाला काढून टाकतील. आम्हाला काढलं तर रुळावर चादर कशी सोडायची हे त्याला कोण शिकवणार?" एकेक पोतं दोघी-तिघींनी मिळून गाडीवर सरकवलं आणि थेट मॅनेजरच्या खोलीत नेऊन रचलं. त्याच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना, खिडकीखाली, येणाऱ्यांच्या खुर्च्यांवर. तो जेवून आला तर आत शिरायला वाट नाही.

"हे काय, मावशी?"

"जागा नव्हती ना बाबा. आम्ही शोधली."

तो चिडला, मालकाला सांगतो म्हणाला. मोठीबाईने शांतपणे उत्तर दिलं, "सांग. आमची एक बाई मरता मरता वाचली, तेही सांग. दोन्ही एकाच फोनवर सांग." त्याने फोन उचलला आणि खाली ठेवला. साबणाचा वास त्या बंद खोलीत असा कोंदला होता की तो शिंकतच बाहेर आला. संध्याकाळपर्यंत पोत्यांना गोदामात जागा सापडली. संडास धुतला, कडी बसवली, दिवा लावला. त्या दिवशी आम्ही तांब्या तांब्या पाणी प्यालो आणि कारण नसताना आत जाऊन आलो.

हसलीस का? आता बस. पुढचं हसण्याचं नाही.

पोती सरकवताना मी मागे मागे राहिले होते. गाडी धरून उभी. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं. नंतर हात धुताना मोठीबाई एकदम म्हणाली, जसं भाजीचं बोलावं तसं, "मला कितीतरी वर्षं अंग बाहेर येत होतं. कापड बांधून कामाला यायचे. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मग ऑपरेशन केलं. उगाच एवढी वर्षं मेल्यासारखी चालले."

 नळ तेवढा वाहत होता. मग फाटक्या चादरींना टाके घालणारी म्हणाली, तिला खोकलं की कपडे ओले होतात, म्हणून ती पोरीच्या घरी राहायला जात नाही. घड्या करणारी म्हणाली, तिचंही तसंच. ताई, आम्ही एका डब्यातलं जेवण खातो, एकमेकींच्या सुनांची कुळं काढतो, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी तेव्हाही गप्पच राहिले.

संध्याकाळी सुतळीला बघायला गेले. तिला सगळी हकिगत सांगितली, ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि तुझं काय?"

"माझं काय?"

"चादर उचलताना तू श्वास धरतेस. उभी राहतेस ती पाय जुळवून. पूर्वी अशी नव्हतीस. मी समोर असते रोज, मला दिसत नाही का?"

ताई, मला रडू आलं. दुखण्याचं नाही. कुणीतरी बघत होतं, ह्याचं.

तर आता लिहिते. मलाही तेच आहे. मोठीबाईचं जे होतं तेच. गेल्या वर्षीपासून उठताना, ओझं उचलताना खाली काहीतरी उतरल्यासारखं व्हायचं, संध्याकाळी तर हाताला लागायचं. मला वाटलं, कॅन्सरच. मनातल्या मनात मी माझ्यामागे ह्यांच्या राहण्याची व्यवस्थासुद्धा लावून टाकली होती. पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं की पाय उचलेना. अवघड जागेचं दुखणं. दाखवायचं कुणाला आणि सांगायचं कुठल्या तोंडाने?

सुतळी अजून धड चालत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत दवाखान्यात आली. पडद्याच्या आत माझा हात धरून उभी राहिली. छताकडे बघत मला कुठल्याशा भांडकुदळ शेजारणीची गोष्ट सांगत होती. डॉक्टरीण म्हणाली, "कॅन्सर नाही. पिशवी खाली सरकलीय. बाळंतपणं, जड उचलणं, वय. खूप बायकांना असतं." मग तिने एक मऊ रिंग दाखवली, रबरासारखी. ती आत बसवली की पिशवीला आधार मिळतो. अधूनमधून काढून साफ करायची, तपासायला जायचं. शिवाय आतले स्नायू आवळायचा व्यायाम दिला, बसल्याजागी करता येतो, समोरच्याला कळतही नाही. पुढे लागलंच तर ऑपरेशन.

बसवून झाल्यावर उभी राहिले. खाली काही ओढत नव्हतं. मी दाराशी गेले, परत आले, पुन्हा दाराशी गेले. डॉक्टरीण म्हणाली, "आता घरी गेलात तरी चालेल."

ह्यांना सांगितलं. मला वाटलं ऐकायला तयार होणार नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग उठले आणि पाण्याची बादली उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवली. तेव्हापासून बादली त्यांची. गुडघे दुखतात म्हणतात, पण नेतात.

आता तुझं. तू ओट्याला रेलतेस ती कंबरेसाठी नाही. तुझ्या खोलीत टॉवेलखाली वाळत घातलेल्या कापडाच्या पट्ट्या मी पाहिल्या होत्या. खुर्चीत बसताना तू एका कुशीवर कललेली असतेस. प्रवास नको, जिने नको, माणसं नकोत, आणि पोराला वाटतं आई वय झाल्यामुळे शांत झाली. ताई, तू शांत कधी होतीस?

चुकत असेन तर शिव्या घाल. बरोबर असेन तर सांग.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. "असले विषय कागदावर लिहू नयेत. पत्र फाडून टाकलं आहे. ह्या वयात आता काय दुरुस्ती करायची? राहिलेत किती दिवस?" एवढंच, आणि खाली सहीसुद्धा नाही. मी ते मोठीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चुकलीस म्हणून कुठे लिहिलंय?"

खरंच नव्हतं लिहिलं.

आणि परवा तुझा फोन. मागे टीव्ही चालू, पोरं ओरडतायत, भावजी विचारतायत कोण आहे. आणि तू अगदी मोठ्याने, जसं सोन्याचा भाव विचारावा, "काय गं, ती रिंग बसली का नीट? टोचत नाही ना?" मी म्हटलं, "नाही, आहे हे विसरायला होतं." तर तुझी सूनबाई मागून म्हणते, "मावशींनी अंगठी केली? कुठल्या बोटात?" आणि तू हसलीस. ताई, तुझं ते हसणं मी केव्हापासून ऐकलं नव्हतं, आणि मध्येच ते तू आवरलंस. का आवरलंस तेही मला कळलं. हसलं की ओलं होतं. बरोबर?

म्हणून आता विचारत नाही, सांगते.

पुढच्या सोमवारी मी येते आहे, तुला न्यायला. भाच्याशी बोलणं झालंय. त्याला म्हटलं, आईला जरा हवापालट हवाय. तो म्हणाला, "मावशी, ती तर फाटकापर्यंतही जात नाही." मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. सूनबाईला काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर खरं सांग. तिलाही उद्या हे वय येणार आहे, आणि तेव्हा तिला सांगणारं कुणी असलेलं बरं. पण जबरदस्ती नाही.

डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल बोलून ठेवलंय. त्या म्हणाल्या, सत्तरीतल्या बायकाही येतात, बऱ्या होऊन जातात. रिंग बसेल, की ऑपरेशन लागेल, की नुसता व्यायाम, ते बघितल्याशिवाय त्या सांगणार नाहीत. मीही खोटी आशा लावत नाही. सुतळीला अजून गोळ्या चालू आहेत, आणि टाके घालणारीचं व्यायामाने थोडंच कमी झालंय, सगळं नाही. पण ती पोरीकडे चार दिवस राहून आली.

प्रवासाची तुला धास्ती आहे, ते मला माहीत आहे. बसमध्ये मध्येच लागलं तर काय, हाच ना विचार? लागलं तर उतरू. गाडी गेली तर दुसरी येईल. ती गेली तर तिसरी. अख्खा दिवस लागला तरी मला कुठे जायचं नाही. सुतळीने तिचे दोन काळे परकर तुझ्यासाठी दिलेत, म्हणाली डाग दिसत नाही. ती तुला कधी भेटलेली नाही, पण तुझ्यावर हक्काने रागावलेली आहे.

राहिलेत किती दिवस, असं विचारलंस. ते मला माहीत नाही, तुलाही नाही. जेवढे असतील तेवढे तू ओट्याला धरून उभं राहून काढायचे नाहीत. मी ते होऊ देणार नाही.

नाही म्हणायचं असेल तर पत्रात नको, फोनवर नको. दारात उभी राहून, माझ्या तोंडाकडे बघून म्हण. मी ऐकून घेईन, आणि तिथेच पायरीवर बसेन. तू जेवायला वाढशील, मी जेवेन. रात्री झोपेन, आणि सकाळी पुन्हा पायरीवर. मला सुट्टी भरपूर आहे, इतक्या वर्षांत घेतलीच कुठे.

सोमवारी सकाळची पहिली गाडी.

तुझ्याच पोटची नसले तरी तुझ्याच हाताखाली वाढलेली आणि तुझ्याइतकीच हट्टी,

धाकटी