फितीच्या आतला स्टुडिओ

३ ऑगस्ट २००३
आजपासून मी स्टुडिओ इन्चार्ज. पंधरा वर्षं कॉलेजचा माईक ‘हॅलो हॅलो’ करून सांभाळला, त्याचं चीज झालं. संकल्प: विद्यार्थी घडवायचे. उद्घाटनाला मंत्री येणार, म्हणून दाराला लाल फीत बांधली. ती कापेपर्यंत कुणालाही प्रवेश नाही.

२१ ऑगस्ट
मंत्र्यांची तारीख मिळेना. साउंडप्रूफ दारही यायचंय, तूर्त प्लायवूड. मी रोज दुपारी फितीखालून वाकून आत जातो. त्याला प्रवेश म्हणत नाहीत, देखरेख म्हणतात. एसी उत्तम.

९ सप्टेंबर
मास कॉमची मोहिनी आली होती. सुरगाण्याची. भात कापून झालं की तिकडची माणसं इकडे द्राक्षबागांत कामाला येतात, त्यावर तिचा प्रोजेक्ट. वडिलांची, झिपरूंची, मुलाखत घ्यायचीय. म्हणे, बाबा लय खोकतात, लवकर घेऊ द्या. अर्ज ठेवून घेतला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

६ ऑक्टोबर
मंत्री पुढच्या महिन्यात, नक्की. मोहिनीचा तिसरा अर्ज. उद्या वडील सिव्हिलला दाखवायला येणार, अर्धा तास द्या म्हणाली. ‘बघू’ म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे या मुलांना कळत कसं नाही?

७ ऑक्टोबर, दुपारी १.४०
कॅमेरा टेस्टिंग. समोर खुर्चीत मीच बसलो. तासभर चालला असावा; मला डुलकी लागली. मध्ये दार वाजलं बहुतेक. टेस्टिंग चालू असताना दार उघडणं टेक्निकली चूक.

१८ नोव्हेंबर
मोहिनी आठवडाभर गैरहजर. वडील गेले म्हणे. वाईट वाटलं. पण अर्ज मी नाकारला नव्हता. रजिस्टरला ‘प्रलंबित’ आहे.

१२ डिसेंबर
उद्घाटन झालं! मंत्री आले नाहीत, फीत प्राचार्यांनी कापली. सगळी मुलं होती, मोहिनीही. प्राचार्य म्हणाले, इथे शूट केलेलं काहीतरी दाखवा. कॅसेट एकच होती, टेस्टिंगची. घाईघाईत तीच लावली.

टीव्हीवर मी, तोंड उघडं, घोरतोय. मुलं खिदळली. मग टकटक. मोहिनीचा आवाज, ‘सर, बाबांना आणलंय.’ मग खोकला, बराच वेळ. मग म्हाताऱ्याचा आवाज, ‘रहू दे पोरी. साहेब कामात असंल.’

कुणी हसेना. मला लाज वाटली. मोहिनी म्हणाली, परत लावा. तीनदा लावली. मग तिने कॅसेट मागितली.

नियम म्हणून रजिस्टर पुढे केलं. ‘विषय’च्या रकान्यात तिने लिहिलं: वडिलांची मुलाखत. शेजारी इन्चार्जची सही लागते. ती जागा अजून कोरी आहे.