गुगलच्या पहिल्या पानावर उसाची रोपं

३ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
काल दसरा झाला. आजपासून उसाच्या रोपांची विक्री माझ्याकडं. बायकोनं, योगिनीनं, शेडनेटमध्ये पाचशे ट्रे वाढवलेत, रोपं पंचवीस दिवसांची झाली. आजवर अप्पा लासुर्ण्याच्या स्टँडवर चहा पीत पीत रोपं विकायचे. वडील असले तरी स्पष्ट सांगितलं, आता स्टँड बंद, गिऱ्हाईक गुगलवरून येईल. योगिनी म्हणाली, चाळीस दिसांच्या आत गेली पायजेत, न्हायतर मुळं ट्रेत गुंडाळत्यात, मग फुकट बी कोण नेत न्हाय. मी म्हणालो, पंधरा दिवस म्हणजे खूप झाले.

५ ऑक्टोबर
कीवर्ड रिसर्च. म्हणजे शेतकरी गुगलवर काय टाइप करतो ते हुडकायचं. त्यासाठी शेतकऱ्याला विचारावं लागत नाही, टूल असतं. टूल म्हणतं, ‘बेस्ट शुगरकेन सीडलिंग्ज निअर मी’. आपल्या नव्या वेबसाइटच्या पानावर हे एक्केचाळीस वेळा टाकलं. अप्पांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, महिपती, भंगारवाल्याचा भोंगा लावलायस का रं. जुनी पिढी.
फोन नंबर मुद्दाम दिला नाही. फॉर्म ठेवलाय, ईमेल कंपल्सरी. फालतू चौकश्या बंद.

८ ऑक्टोबर, दुपारी
आलो! गुगलवर पहिला नंबर! रोज साठ-साठ वेळा सर्च करत होतो, तेव्हा कुठं दिसलो. योगिनीच्या मोबाइलवर मात्र चौथ्या पानावरही नाही. तिचा मोबाइल जुना आहे.

१० ऑक्टोबर
लिंक बिल्डिंग लोक उगाच अवघड करून सांगतात. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपली लिंक जितकी जास्त, तितकं गुगल आपल्याला वर नेतं. म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सच की! खाली शुभेच्छुकांचे फोटो जितके जास्त, तितका माणूस मोठा. तुम्ही माझी टाका, मी तुमची टाकतो. संध्याकाळपर्यंत भिगवणची एक मासळी खानावळ, दोन डीजे, एक बोअरवेलवाला आणि प्राचीचं ब्युटी पार्लर जमलं. सगळ्यात भारी म्हणजे पणदऱ्याचे विजयसिंहराव, मोठ्या नर्सरीचे मालक. त्यांची अट एकच, लिंक सगळ्यात वर पाहिजे, फोन नंबरासकट. टाकली.
योगिनीनं विचारलं, त्ये बी रोपंच इकत्यात न्हवं? म्हटलं, म्हणून तर! एकाच धंद्याची लिंक गुगलला जास्त आवडते. ती ट्रेंना पाणी घालायला निघून गेली. पटलं असणार.

१४ ऑक्टोबर
छत्तीस दिवस. पानावर दोनशे बारा जण येऊन गेले. फॉर्म एकच आला, तो मीच टेस्टिंगला भरला होता. शेतकरी विचार करून निर्णय घेतो, घाई करत नाही.
अप्पा रोज सकाळी स्टँडवर जायला चपला घालतात. मी परत बसवतो.

१६ ऑक्टोबर, रात्री ८
आता योगिनीच्या मोबाइलवरही पहिला नंबर! विजयसिंहरावांचा फोन आला, आभार मानायला. म्हणाले, तुमच्या पानावरनं एवढं फोन आलं की आमची रोपं संपली, आता लोकांना काय सांगावं कळंना. मी मनापासून अभिनंदन केलं. असे संबंध जपावे लागतात.
जेवताना योगिनीला सांगितलं, तर ती भरल्या ताटावरून मोबाइल घेऊन उठली. ॲसिडिटी असेल.

१८ ऑक्टोबर, सायंकाळी
चाळिसावा दिवस. सकाळीच पणदऱ्याचा टेम्पो दारात. मागं विजयसिंहराव जीपमधून. परवा योगिनीनं आपलंच पान उघडलं, लिंक दाबली आणि त्यांना फोन केला. रोपांची पानं जरा छाटून पाचशेच्या पाचशे ट्रे गेले. पुढच्या लागणीची रोपंही ते तिच्याकडूनच घेणार.
आपल्या साइटवरून झालेला पहिला सौदा. केला बायकोनं. आनंद व्हायला पाहिजे होता. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
विजयसिंहरावांनी शेडनेट फिरून बघितलं. विचारलं, एवढं सगळं कोण बघतं? योगिनी म्हणाली, मी. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, आणि हे?
म्हणाली, हे व्हय, हे गुगलवर असत्यात.
अप्पा हसता हसता खाली बसले. मी ट्रे उचलून टेम्पोत देत राहिलो.
दुपारी पानावरचा फॉर्म काढला. कुणाला न सांगता तिथं योगिनीचा नंबर टाकला.
दहा मिनिटांत शेडनेटमध्ये मोबाइल वाजला. तिचा.