अख्खा रोल एका बाईवर

बाबा, आज तुमची निगेटिव्हची पत्र्याची पेटी उघडून बसले आणि दुपारचा स्वयंपाक राहिला तो राहिलाच. पेटीत घोटीच्या बाईचं पाकीट सापडलं. ते उघडल्यापासून तुमच्याशी बोलायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

मी एस.वाय.ला होते. इंदिरानगरच्या आपल्या स्टुडिओत तोवर माझं काम म्हणजे पासपोर्ट फोटो कापायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात कंगवा द्यायचा. लग्नाच्या ऑर्डरी मला द्या म्हणून मी तुमच्या मागे लागले होते. शेवटी दसरा झाल्यावर तुम्ही तुमचा कॅमेरा आणि ब्लॅक अँड व्हाइटचा एकच रोल माझ्या हातात ठेवलात. "डोंगरात जा, दिवसभर फिर. काय आणतेस ते बघून ठरवू." वर नेहमीचा दम होताच. "लिव्हर ओढताना डावीकडची चकती फिरते का बघ. ती फिरली तरच रोल पुढे सरकला." मी मान डोलावली. फोटोग्राफरच्या मुलीला हे काय सांगायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

मैत्रिणीच्या मोपेडवर निघालो. त्र्यंबकच्या पुढे डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले, आणि मी दिसेल ते टिपत सुटले. कडे, ढग, म्हशी. मैत्रीण वैतागून म्हणाली, "अगं, निम्मा रोल म्हशींवरच घालवशील." घोटीच्या अलीकडे एक बाई एकटीच भात कापत होती. मी कॅमेरा वर केला तशी ती विळा रोखून म्हणाली, "आशी नको काढू. थांब, लुगडं बदलून येते. लय येळ नाय लागायचा."

आम्ही बांधावर बसलो. ऊन उतरतं आहे, ती घराकडे जाते आहे, आणि मी आकडा बघते तर एकच फोटो उरलेला. लिव्हर ओढते, तर चकती जागची हलत नाही. झाकण उघडलं. रोलचं टोक केव्हाच निसटलं होतं, लिव्हरबरोबर आकडा तेवढा पुढे जात होता, सकाळपासून एकही फोटो आलेला नव्हता. मला रडू फुटलं. मैत्रीण हसता हसता बांधावरून घसरली. तोच कोरा रोल मी पुन्हा नीट बसवला. बाई हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून आली तेव्हा फार तर अर्ध्या तासाचं ऊन शिल्लक होतं. छत्तीसच्या छत्तीस तिच्यावर संपवले. आधी ती खांबासारखी ताठ उभी. विसाव्याच्या आसपास कंटाळली आणि कमरेवर हात ठेवून हसत म्हणाली, "आगं, माझं काय लगीन हाय का?" तोच तो फोटो.

रोल तुम्ही स्वतः धुतलात. दुसऱ्या दिवशी शोकेसमधल्या नवरा-नवरीला काढून तिथे ती बाई लावलीत, आणि येईल त्याला सांगू लागलात, "माझी मुलगी दिवसभर डोंगरात फिरली आणि अख्खा रोल एका बाईवर लावला. एवढी छाती माझी नाही झाली." तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच ऑर्डरीला कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मला इतका अभिमान वाटत होता की खरं सांगायची हिंमत झाली नाही. मैत्रिणीलाही मी शपथ घातली होती.

आज पाकिटात निगेटिव्हबरोबर रोलचं काळं टोक निघालं. एरवी ते तुम्ही कापून केरात टाकायचात. ह्याची भोकं फाटली आहेत. निसटलेल्या रोलचीच तशी फाटतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि तरी तुम्ही मरेपर्यंत माझी फुशारकी मारत राहिलात. बाबा, त्या फोटोचा मला अभिमान आहेच, पण आज त्याहून तुमचा जास्त वाटला.

स्टुडिओ आता मी चालवते. हे पत्र त्याच पाकिटात घालून पेटी बंद करते आहे. एक मात्र कबूल करते. शोकेसमध्ये ती बाई अजून आहे, आणि कोणी विचारलं की मी तुमचीच गोष्ट सांगते. चकतीचं नाव काढत नाही.