फियाटचं अर्धं काम

भाईंदर,
भाऊबीजेचा दुसरा दिवस, १९९४

प्रिय उर्मिला,

यंदा तुझा फराळाचा डबा आला नाही आणि तुझ्या वहिनीनेही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाच समजलो की गॅरेजमधला प्रकार कौस्तुभरावांनी तुला सांगितलाय. बरं झालं. माझ्या तोंडून मला तो सांगवला नसता.

तुमची फियाट मी श्रावणात घेतली, गणपतीला देतो म्हणून. पत्राकाम, रंग, सगळ्याचे पैसे कौस्तुभरावांनी आधीच दिले. पावती मागितली नाही; बायकोच्या भावाकडे कोण मागतं? आणि मी काय केलं, तर बाहेरचं गिऱ्हाईक आलं की तुमची गाडी मागे ढकलली. घरचे लोक थांबतात, हे माझं धंद्यातलं शहाणपण! तुमच्या पैशांतून दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट आणले. मिठागराच्या वाऱ्यात घासलेला पत्रा पुन्हा गंजला. दसऱ्याला ते गाडी न्यायला आले, तर मी वर आणखी पैसे मागितले. "महिपतराव, आधी काम तर पुरं करा," एवढंच म्हणाले ते. चार गिऱ्हाइकं बघत होती, माझा पारा चढला. "इथं नातं चालत न्हाय, पैसे टाका नि गाडी न्या," म्हणालो, आणि चावी खिशात घातली. माझ्या बहिणीच्या नवऱ्यासमोर! त्यांनी वाद घातला नाही. पैसे दिले आणि दोन दरवाजे नुसत्या लाल प्रायमरचे, तशीच गाडी घेऊन गेले.

काल मी आलो होतो गं. साडी पिशवीत होती. बिल्डिंगखाली ती गाडी दिसली आणि पाय जिन्याकडे वळेचनात. दिवे लागेपर्यंत समोर पानवाल्यापाशी उभा राहिलो. मग तू ताट घेऊन गॅलरीत आलीस. वाटलं, माझी वाट बघतेयस. पण तू बीजेच्या कोरीकडे तोंड केलंस आणि चंद्राला ओवाळलंस. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, तसं. मी खाली जिवंत उभा होतो, उर्मिला, आणि मला हाकही मारता आली नाही. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

म्हणून लिहितोय. रविवारी सकाळी हत्यारं आणि रंग घेऊन येतो. गाडी गॅरेजात नेणार नाही. तुमच्याच कंपाउंडात, सगळ्या बिल्डिंगीसमोर काम पुरं करीन. जास्तीचे घेतलेले पैसे कौस्तुभरावांच्या हातात देऊन त्यांची माफी मागेन. तोवर मला पाणीसुद्धा विचारू नकोस. गाडी झाली आणि तुझ्या मनात आलं, तर ताट काढ. तिथी टळून गेलेली असेल, पण मला चालेल. साडी माझ्याजवळच आहे.

तुझाच,
महिपतदादा