काकांची कॉइल

मंगळवार, संध्याकाळ. कोळवण

काकांशी खोटं बोललो. माझ्या हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, संदेश लांब पोचावा म्हणून बांधलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आज पहिल्यांदा चालवला. त्यातली तांब्याची कॉइल भुकूमच्या काकांनी गुंडाळलेली. मला रेडिओ शिकवला तोही त्यांनीच. पाच मिनिटांत जळका वास आला. सगळं बंद करून, थोडं थांबून हात लावला, तरी चटका बसला. अँटेनाकडे जायची निम्मी ताकद कॉइल तापण्यातच जात होती. वेढे कुठे सैल, कुठे एकमेकांवर चढलेले. काकांच्या हातून असं काम? काय झालंय त्यांना?

तेवढ्यात त्यांचाच फोन. "तापत नाही ना रे?"

"छे, थंडगार आहे."

का म्हणालो असं? शेजारचे तुकाराम परवाच म्हणाले, "पावसात मोबाईल बंद पडला की तुमच्या रेडिओचाच आधार हाय." आणि मी बिघडलेल्या कॉइलला चांगलं म्हणतोय.

शेवटी फोन लावलाच. "काका, कॉइल तापतेय. खूप."

काका म्हणाले, "हल्ली तार दिसत नाही मला. चाचपून गुंडाळली. उद्या ये. तू गुंडाळ, मी बोटांनी वेढे मोजतो."