मिरवायची जोडी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
पोटभर आशीर्वाद.

गाडीचं पासिंग झालं. यांनी ती हॉर्न वाजवतच दारात आणली, अख्खी गल्ली बाहेर आली. तपासणीच्या साहेबांनी पुढच्या टायरांवर हात ठेवून, गाडी ठेवावी तर अशी, असं म्हटलं म्हणे. तू ब्रेक साफ केलेस, दिवे जोडलेस, मागे लाल पट्ट्या चिकटवल्यास, इथपर्यंत ठीक होतं. पण नवे कोरे टायर? लहानपणी माझ्या बिस्किटाला आधी चावा घेऊन मगच देणारा तू! हे येईल त्याला चाकांपाशी नेऊन सांगतात, मेहुण्याने दिले.

आमचं घर या एका गाडीवर चालतं. हे निघाले की परत हॉर्न ऐकू येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. काल कित्येक महिन्यांनी निवांत झोपले.

असाच राहा, एवढंच मागणं.
तुझी ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मान खाली गेली. फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहितो. ते टायर दिलेले नाहीत. ती गॅरेजची जोडी आहे, आम्ही तिला मिरवायची जोडी म्हणतो. ज्या गाडीचं पासिंग असेल तिला पुढे ही जोडी बसवायची, साहेबांनी बघितलं की गाडी थेट गॅरेजवर आणून जुने टायर पुन्हा चढवायचे. इथले सगळे गाडीवाले हे जाणून आहेत. दाजीही जाणत असतील असं मी धरून चाललो. संध्याकाळपर्यंत त्यांची वाट बघत बसलो, तर ते परस्पर घरी गेलेले.

आता दुसरी गाडी पासिंगला उभी आहे आणि तिचा मालक रोज येऊन तोंड वाजवतो. ताई, ती जोडी परत हवी. तुमचे टायर जपून ठेवलेत. दाजींना काहीही सांग, टायरात दोष निघाला म्हण, पण माझं नाव राख.

राग धर, माया मात्र सोडू नकोस.
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचायची आमची रीत तुला ठाऊक आहे. तुझ्या थट्टेची इतकी सवय, की ते टायर दिलेले नाहीत हेही मी हसतच वाचलं. मग पत्र मिटलं, तोवर उशीर झाला होता. हे जेवले, हात धुतले आणि बाहेर जाऊन जॅक लावला. जोडी टेम्पोने पाठवली आहे. गाडी दारात ठोकळ्यांवर उभी आहे, काचेवर पासिंगचा कागद तेवढा दिमाखात. शेजारी विचारतात, चाकं कुठे गेली. मी आत निघून जाते.

हे म्हणतात आपले टायर मागवून घे, पुढच्या सोमवारी माल न्यायचा आहे. भावाकडे आता काही मागायची लाज वाटते, तरी मागते. ते टायर पाठवू नकोस. डाव्या टायरची तार बाहेर आली होती, मी डोळ्यांनी बघितली आहे. साहेबांची पाठ वळली की तू ते तुझ्याच हाताने यांच्या गाडीला चढवणार होतास. मला रागावायचं होतं, पण नुसतं रडू येतंय.

उत्तर जेवणाच्या वेळेला येणार नाही असं बघ.
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. तो तरी कुठल्या तोंडाने लिहू?

तुझं पत्र आलं तेव्हा तुमचे टायर पाठवायला म्हणून उन्हात काढले होते. त्यांवर हात फिरवला, तर तारेने बोट कापलं. इतकी वर्षं हे काम करतोय, पण जुने टायर परत चढवताना कधी हात फिरवून बघितले नव्हते. बघितले असते तर चढवता आले नसते. आता ते ग्राइंडरने कापून टाकलेत, कुणाच्याच गाडीला लागायचे नाहीत.

मिरवायची जोडी परत पाठवतोय, ती तुमचीच. थांबलेल्या मालकाला म्हटलं, स्वतःचे चांगले टायर आण, मग गाडीला हात लावतो. तो हसला आणि समोरच्या गॅरेजात गेला. तिथेही अशी जोडी आहे.

स्वतः येऊन बसवायला हवी होती, पण दाजींसमोर उभं राहायची छाती होत नाही.

जमलं तर माफ कर.
धाकटा

२५ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,
नमस्कार. माझं अक्षर बघून दचकाल. तुमच्या ताईला न सांगता लिहितो आहे, तेव्हा हे पत्र तुम्हीही कुणासमोर मोठ्याने वाचू नका.

टायर बसवले. सोमवारचा माल पोचवून सुखरूप आलो.

मला मिरवायच्या जोडीची कल्पना नव्हती, असं तुम्ही दोघं बहीणभाऊ धरून चालला आहात. गाडी तुमच्याकडे आणली ती त्या जोडीसाठीच. पास झाल्यावर गॅरेजकडे वळायचं होतं, पण स्टिअरिंग इतकं शांत झालं होतं, की वळवलं नाही. घरी येऊन मुद्दाम चारचौघांत तुमचं नाव घेतलं. एवढं कौतुक झाल्यावर मेहुणा परत मागायला धजणार नाही, असं वाटलं. ताई म्हणते, त्या दिवशी ताटावर माझं मन दुखावलं. दुखावलं नव्हतं. मी पकडला गेलो होतो, आणि ते मला एकट्यालाच कळलं होतं.

ताई अजून तुमच्यावरच धुसफुसते. तिला खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही, आणि तुम्ही माझ्या वाटची बोलणी खाताय.

रविवारी गाडी घेऊन येतो. ब्रेक पुन्हा नीट बघू. दोघं गाडीखाली आडवे झालो की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. घरी परतल्यावर ताईला मीच सांगेन.

लोभ आहे का, ते तेव्हा कळेलच.
तुमचे दाजी